शतपावलीतलं ‘शत’ पुरत नाही

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय ४७, पुण्यात बैठं काम, उंची १६८ सेंमी, वजन ६९ किलो. दीड वर्षापासून रोज सकाळी मित्रांबरोबर शाळेच्या मैदानावर पाऊण तास चालता, सहा फेऱ्या होतात. वजनाचा काटा हललेला नाही. या वेळच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, रक्तदाब १३४/८६, आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. वडिलांची ५२व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. ‘चालून काही होतच नसेल तर सरळ गोळी घेऊन मोकळा का होऊ नये?’ असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ आईबद्दल आहे: वय ७२, गुडघे दुखतात, जमिनीवर बसणं सोडलंय, काही करता येईल का?

मी फिजिशियन आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असतो: जाड नाही, आळशी नाही, आणि रिपोर्ट बघून खट्टू झालेला.

एक आकडा तुम्ही पाठवलेला नाही, तो म्हणजे कमरेचा घेर. पॅंटची साइज सांगू नका, पॅंट पोटाखाली सरकलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात. खरं तर तुमच्या बाबतीत निदानासाठी त्याचीही वाट बघायला नको. वाढलेला घेर, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, या पाचांपैकी तीन असले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारी वाट. घेर न मोजताच तुमच्याकडे चार आहेत.

‘पण मी जाड नाही’ हे तुमचं वाक्य खरं आहे आणि फसवंही आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २४.४ येतो. युरोपियन माणसाला यात शाबासकी मिळाली असती, आपल्यासाठी मात्र २३ नंतरच सावध व्हायचं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. वजन-उंचीचं गणित तेच, आतला माल वेगळा. आपली हाडपेरं बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात. पेशंट ‘डॉक्टर, मी तर सडपातळ’ म्हणाला की मला तो फोटो आठवतो.

आता चालण्याचा उपयोग झाला की नाही, ते पाहू. आधी वजनाचा हिशेब. तुमच्या वेगाने पाऊण तास चालल्यावर, नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण शंभर कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे अडीच महिन्यांत एक किलो, तोही चालून झाल्यावर अमृततुल्यसमोर उभं राहून चहा-क्रीमरोल झाला नाही तर. तेव्हा काटा हलला नाही यात नवल नाही. व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, ते काम मुख्यतः ताटातून होतं. पण वजन उतरलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, हा निष्कर्ष मात्र चूक.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने तुमच्यासारख्याच, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, ५३१ लोकांना तीन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास भराभर चालणं आणि खाण्यात बदल करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के होतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ४०.५ टक्के. दोन्ही एकत्र केलं तर ३९.५, म्हणजे जास्तीचा फायदा शून्य. आणि मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की चालणाऱ्या गटाचं वजन सांगण्यासारखं कमी झालंच नव्हतं. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात आलं.

मग फायदा होतो कुठून? स्नायूंतून. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलून साठवायचा असतो. जुन्या घरातली धान्य साठवायची कणगी आठवा. कणगीतलं धान्य रोज थोडं उपसलं जात असेल तर नवं आलेलं धान्य तिच्यात मावतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची कणगी काठोकाठ भरलेली असते, म्हणून नवं धान्य अंगणातच पडून राहतं. ती झाली रक्तातली वाढलेली साखर. उरलेलं यकृताकडे जातं, तिथे त्याची चरबी बनते. थोडी तिथेच साठते, थोडी रक्तात सोडली जाते. तुमचं फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड २१० आणि साखर ११२ हे तीन वेगळे आजार नाहीत, एकाच भरलेल्या कणगीचे तीन रिपोर्ट आहेत.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घ्यायला त्याला इन्शुलिनची वाटही बघावी लागत नाही, त्याच्यासाठी आणखी एक दार उघडतं. आणि व्यायाम संपल्यावरही तो स्नायू इन्शुलिनला एक-दोन दिवस जास्त चांगली दाद देतो. एक-दोन दिवसच. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, आणि म्हणूनच रविवारी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी हाणून सोमवार ते शनिवार लोळणाऱ्यांचे रिपोर्ट फारसे सुधारत नाहीत. (सिंहगड सोडा असं मी म्हणत नाही. पिठलं-भाकरीही नाही.)

आता तुमच्या चालण्याकडे येतो. चारशे मीटरच्या मैदानाच्या सहा फेऱ्या म्हणजे २.४ किलोमीटर, पाऊण तासात. ताशी ३.२ किलोमीटर. वरातीपेक्षा थोडा जास्त वेग. तुम्ही व्यायाम करत नाही, मित्रांबरोबर फिरता, आणि फिरणं मनाला फार चांगलं असतं म्हणून ते मोडू नका. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं म्हटलंय ती ‘मध्यम’ जोराची मिनिटं आहेत. मध्यमची खूण सोपी: बोलता येतं, गाता येत नाही. आकड्यात हवं असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावलं. तुमच्या पाऊण तासात नऊ फेऱ्या व्हायला हव्यात.

एकदम नऊवर जाऊ नका. जपानमधल्या मात्सुमोतो इथल्या संशोधकांनी वयस्कर लोकांवर वापरलेली एक पद्धत मी गेली काही वर्षं सांगतो: तीन मिनिटं भराभर, तीन मिनिटं नेहमीच्या चालीने, असं पाच वेळा. त्यांच्याकडे यातून रक्तदाब उतरला आणि मांड्यांची ताकद वाढली. भराभरच्या तीन मिनिटांत राजकारणावरची चर्चा आपोआप थांबते, हा अधिकचा लाभ. मात्र वडिलांचा इतिहास आणि तुमचा रक्तदाब बघता, वेग वाढवण्याआधी एकदा तुमच्या डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. चालताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली आणि थांबल्यावर ती गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा.

दहा हजार पावलांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारतंच. तो आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ होतं. वाईट लक्ष्य नाही, पण सातच हजार झाली म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही.

तुमचा खरा घोटाळा सकाळच्या पाऊण तासात नाही, त्यानंतरच्या पंधरा तासांत आहे. घरातून गाडीत, गाडीतून खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा गाडीत, रात्री साडेनऊला जेवण आणि मग सोफा. सकाळी उपसलेली कणगी दुपारच्या डब्यानेच भरते. रात्रीचं जेवण दिवसातलं सगळ्यात जड, आणि संध्याकाळनंतर साखर हाताळण्याची शरीराची क्षमता सकाळपेक्षा कमी. तेव्हाच आपण आडवे होतो.

आपल्या आज्यांकडे यावर उत्तर होतं, शतपावली. कल्पना अचूक, फक्त मात्रा कमी. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. तुम्हाला हवीत दहा ते पंधरा मिनिटं, म्हणजे हजार-दीड हजार पावलं. २०१३ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, मधुमेहाचा धोका असलेल्या दहाच वयस्कर लोकांवर. सकाळी सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं, दोन्हींनी दिवसभराची साखर सुधारली. पण रात्रीच्या जेवणानंतर साखरेचा जो डोंगर उभा राहतो, तो जेवणानंतरच्या चालण्यानेच खाली आला. दहा जणांवरून कायदा करता येत नाही, हे मान्य. पण माझ्या पेशंटनी घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले आकडे मी वर्षानुवर्षं पाहतोय, त्यांत हेच दिसतं.

तेव्हा एकच बदल करायचा असेल तर हा करा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत चप्पल घाला. वेग रमतगमत चालेल, इथे धाप नको. रस्त्यावर कुत्री असतील तर सोसायटीचं पार्किंग, पावसाळ्यात जिना आणि गच्चीचा व्हरांडा. बायकोला बरोबर घ्या. पुष्कळ घरांत दिवसभरातलं विनाव्यत्यय बोलणं तेवढंच होतं, आणि मागचं आवरणं दोघांनी मिळून करावं लागतं, तीही पावलंच. दुपारी ऑफिसात डबा झाल्यावर दहा मिनिटं. मधे दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठा. मोठी बाटली भरून टेबलावर ठेवू नका, पेला ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावं लागेल. फोन उभ्याने घ्या.

दुसरा बदल ताकदीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०२०च्या सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचे आहेत, आणि आपल्याकडचे चालणारे लोक नेमका तोच भाग गाळतात. चालून कणगी उपसली जाते, मोठी होत नाही. ती मोठी करायला जोर लावावा लागतो. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

तुम्ही थेट शंभर बैठका मारायला जाऊ नका. खुर्चीपासून सुरू करा: हात छातीशी, खुर्चीवर टेकायचं आणि उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर, पुढे ओट्याच्या कडेवर, महिन्या-दोन महिन्यांनी जमिनीवर. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, पंधरा वेळा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. ओढण्याचा एक प्रकार हवाच, कारण दिवसभर की-बोर्डवर वाकून पाठीचे स्नायू झोपलेले असतात: एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने पाच लिटरचा पाण्याचा कॅन कमरेकडे ओढायचा. प्रत्येकाचे दोन डाव, आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. जड जात नसतील तर वजन वाढवा, आकडा नव्हे. श्वास कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब उसळतो.

सूर्यनमस्कार चालतील का? चालतील. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात ते शाळाशाळांत नेले, त्यात दम आहेच. भरभर घातले तर धाप लागते, खांदे आणि पाठ मोकळी होते. पण मांड्यांवर बैठकांइतका भार येत नाही आणि ओढण्याची क्रिया त्यात नाहीच, म्हणून ते वरच्या व्यायामांना जोड म्हणून धरा, बदली म्हणून नको.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल, तेवढं चालतं. मात्र हौसेने पहिल्याच दिवशी जिममध्ये तासभर घाम गाळून, नंतर अंग विलक्षण दुखून लघवी काळ्या चहासारखी झालेले तरुण मी पाहिलेत. असं झालं तर घरी थांबायचं नाही.

आईंचं. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला तुमच्या साखरेपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. जमिनीवर बसणं सोडलं, मग खाली वाकणं सोडलं, मग जिना सोडला, मग देवळात जाणं सोडलं, असं एकेक सुटत जातं आणि घरातले म्हणतात, वयच झालं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं की त्यांचा दमसास तीस वर्षांच्या वयाने जितका घटला होता, त्यापेक्षा तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त घटला होता. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ताप येऊन गेला की ‘आता महिनाभर आराम कर’ म्हणू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ताप उतरल्यावर लगेच खोलीतल्या खोलीत चालवावं.

त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करायला सांगा आणि ३० सेकंदांत किती वेळा उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी जमत असेल तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका वाढलाय. उपायही तोच, उठ-बस. खुर्चीवर दोन घड्या केलेल्या चादरी टाकून उंची वाढवा, म्हणजे गुडघ्याला जड जाणार नाही. पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की एक चादर काढा. ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून दहा सेकंद तोल सांभाळणं. गुडघा झिजलाय म्हणून हलवू नये हा समज जुना आहे. मांडीचा स्नायू सशक्त झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर संख्या निम्मी करा. गुडघा सुजलेला, गरम असेल तर आधी दाखवा. त्या मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी, साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी घेत असतील तर व्यायामाच्या वेळी जवळ साखर ठेवा. हात थरथरले, घाम फुटला की खायची. आणि त्यांच्या ताटातलं वरण जरा घट्ट असू द्या, नुसत्या पिवळ्या पाण्याने स्नायू बनत नाहीत.

‘घरकामात व्यायाम होतोच की’ असं त्या म्हणतील. पूर्वी व्हायचा. विहीर, पाटा-वरवंटा, उकिडवं बसून धुणं. आता तीन तास ओट्यापाशी उभं राहून पाय सुजतात, धाप एकदाही लागत नाही.

गोळीबद्दल. ६.१ ला मी आजच मेटफॉर्मिन सुरू करणार नाही, बारा आठवडे मागून घेईन. गोळी वाईट म्हणून नव्हे. वर चेन्नईचे आकडे दिलेत, तुमच्या टप्प्यावर दोन्हींचं फळ सारखंच आहे आणि गोळीने जिना चढता येत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा निर्णय मात्र वेगळा आहे. तुम्ही एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) लिहिलेलं नाही, आणि वडिलांचा इतिहास असताना तो आकडा पाहिल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. तो घेऊन डॉक्टरांशी बोला. शनिवारी दारू प्यायला बसत असाल तर ट्रायग्लिसराइड आणि यकृत दोन्ही त्याचाही हिशेब ठेवतात. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि लिहून ठेवा.

बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये तपासण्या करा. आदले दोन-तीन दिवस जोराचे व्यायाम थांबवा, नाहीतर थकलेल्या स्नायूंमुळे एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले दिसतात आणि उगाच यकृताची भीती बसते. भराभर चालून आल्या आल्या ग्लुकोमीटर लावू नका, जोर लावताना शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं, त्यामुळे आकडा कधी कधी वर दिसतो. उपाशीपोटीची साखर सगळ्यात उशिरा उतरते, कारण ती रात्रभर यकृत तयार करत असतं. आधी जेवणानंतरची उतरते, मग ट्रायग्लिसराइड, घेर पॅंटच्या पट्ट्यावर कळतो. एचडीएल ३६ वरून ३८ झालं तरी मी खूश होईन, ते फार हट्टी असतं.

मला पुढच्या वेळी एवढं कळवा: कमरेचा घेर, पाऊण तासातल्या फेऱ्या, तुमची आणि आईंची खुर्चीवरची उठ-बस, आठवडाभराचा रक्तदाब, एलडीएल आणि नवा एचबीएवनसी. वजन नाही कळवलं तरी चालेल.